जोडीचा डाव

गेम पार्लरमध्ये सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिची नणंद तिला तशी हाक मारायची. त्या पार्लरच्या वरच्याच मजल्यावर वहिनी कवळ्या बनवायची. दवाखान्यातून आलेल्या साच्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, वरचे आणि खालचे दात नीट मिटतात का ते पुन्हा पुन्हा बघायचं. काम बारीक आणि बोलायला कुणी नाही. नवरा चेष्टेने म्हणायचा, "बाई दिवसभर लोकांचे दात बसवते आणि घरी आली की स्वतःची दातखीळ बसते."

नणंदेला घरात छोटी म्हणत. लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा छोटी शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी साडीला इस्त्री करून देण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं. ती नोकरी काही मिळाली नाही. छोटी रुसून अंथरुणातून उठेना, तेव्हा वहिनीच तिला ओढत पार्लरमध्ये घेऊन गेली होती. तिथे कोपऱ्यात अवकाशातल्या लढाईचं एक जुनं मशीन होतं. दोघींनी त्यावर सगळा राग काढला आणि घरी येताना छोटी हसत होती. पुढे तिला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं, पण संध्याकाळी काम सुटलं की दोघींची पावलं आपोआप त्या मशीनकडे वळायची.

त्या खेळात तीन तऱ्हेचे डाव होते. साध्या डावात आपल्याला मिळालेली विमानं संपेपर्यंत खेळायचं. घड्याळाच्या डावात ठरलेल्या वेळात जमतील तेवढे गुण मिळवायचे. तिसरा डाव जोडीचा. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. एकामागून एक जहाजं पाडत गेलं की प्रत्येक जहाजाचे गुण वाढत जायचे आणि मध्ये खंड पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बाकीचे लोक दिसेल ते पाडत सुटायचे. मग पडदा रिकामा व्हायचा, पुढची जहाजं यायला वेळ लागायचा आणि साखळी तुटायची. वहिनी तसं करत नसे. कोपऱ्यातलं एखादं लुकडं जहाज ती मुद्दाम जिवंत ठेवायची आणि पडदा ओस पडला की मगच त्याला टिपायची.

जोडीच्या डावात तिला आणखी एक गोष्ट उमगली. शत्रू कायम जवळच्या विमानावर नेम धरतो. ती आपलं विमान पार पुढे न्यायची, सगळ्या गोळ्या अंगावर घेत डावी-उजवीकडे नाचवायची आणि मागे छोटी निवांत जहाजं पाडायची. शेवटचं मोठं जहाज आलं की ते पडदाभर गोळ्या ओकेपर्यंत वहिनी त्याच्यासमोरून हटायची नाही. आता हलायलाही जागा नाही असं झालं की म्हणायची, "टाक." छोटी बॉम्ब टाकायची, पडद्यावरच्या सगळ्या गोळ्या विझायच्या आणि विझलेल्या एकेका गोळीचे गुण मिळायचे. गुण पाडणाऱ्याचे, त्यामुळे मशीनवर सगळ्यात वर नाव झळकायचं ते छोटीचं. वहिनीला त्याचं काही वाटत नसे. तिला त्या "टाक"मध्येच मजा होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या हॉलमध्ये या खेळाची स्पर्धा ठरली. नाव नोंदवायला छोटी एकटीच गेली.

"वहिनी, जोडीचा डाव नाहीये गं यंदा," परत आल्यावर ती म्हणाली. "नुसता घड्याळाचा आहे. मी एकटीचंच नाव दिलं."

"बरं केलंस. तुझा हात चांगला आहे घड्याळाच्या डावात."

"पण सराव जोडीचाच करू. हात मोकळा होतो."

त्या दिवसांत छोटी फार प्रश्न विचारायची. गोळ्या यायच्या आधी तुला कशावरून कळतं? उजवीकडे केव्हा वळतेस? मोठ्या जहाजाच्या किती जवळ जातेस? पोरीला एवढा रस आहे म्हणून वहिनी कौतुकाने सांगत राहिली. मशीन थांबलेलं असलं तरी बोटाने पडद्यावर रेघा ओढून दाखवायची.

"तू मात्र येऊ नकोस हं बघायला," छोटी म्हणाली. "तू समोर असलीस की मला दडपण येतं."

वहिनीला राहवलं नाही. स्पर्धेच्या दिवशी ती हातातलं काम उरकून निघाली आणि हॉलमध्ये मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. समोर मोठा पडदा होता आणि निवेदक जोडीच्या डावाची अंतिम फेरी जाहीर करत होता.

तिला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. तेवढ्यात छोटी मंचावर आली. सोबत चष्म्याच्या दुकानातली तिची मैत्रीण होती.

डाव सुरू झाला. मैत्रिणीने विमान पार पुढे नेलं. कोपऱ्यातलं लुकडं जहाज दोघींनी राखून ठेवलं. मोठं जहाज आलं तेव्हा मैत्रीण त्याच्यासमोर अगदी तशीच तग धरून राहिली आणि पडदा भरल्यावर म्हणाली, "टाक." माइकमधून तो शब्द हॉलभर ऐकू आला. 

त्या दोघी जिंकल्या. निवेदकाने विचारलं, ही पद्धत सुचली कुणाला?

"आम्हा दोघींना," छोटीने मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "खेळता खेळता सुचत गेलं."

टाळ्या संपायच्या आत वहिनी बाहेर पडली.

घरी आल्यावर छोटीने चपला काढल्या आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे बघूनच तिला कळलं.

"आली होतीस?"

"खोटं का बोललीस? सरळ सांगायचं, तुझ्याबरोबर नाही खेळायचं म्हणून. मी काय अडवणार होते?"

 छोटी म्हणाली, "जहाजं मी पाडते, नाव माझं लागतं, तरी पार्लरमधले काय म्हणतात माहितीये? वहिनी आहे म्हणून हिचं चालतं. नोकरीसाठी उठवलं वहिनीने, खेळायला शिकवलं वहिनीने. एक तरी गोष्ट मला तुझ्याशिवाय हवी होती."

"मग माझी पद्धत कशाला नेलीस?"

 छोटी खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

नवरा आतापर्यंत खुर्चीत बसून ऐकत होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "खेळच तर आहे. मी तिला म्हटलं होतं, वहिनीला कळलं तर वाईट वाटेल."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"नाव दिलं त्याच दिवशी सांगितलं तिने. उगाच घरात कटकट नको, म्हणून बोललो नाही."

म्हणजे रोज संध्याकाळी घरी येऊन ती याला सरावाच्या गमती सांगत होती, छोटी किती शिकतेय म्हणून कौतुक करत होती, तेव्हा हा मान डोलावत होता. छोटीने केसाने गळा कापला हे तिने एक वेळ सोसलं असतं. ती लहान होती, तिला स्वतःचं नाव हवं होतं. याला काय हवं होतं? नुसती शांतता. त्या रात्री भांडण झालं नाही, आणि मिटलं बरं, असं नवऱ्याला वाटलं.

वहिनी पार्लरमध्ये जात राहिली. कुणी विचारलं तर ती पद्धत हातचं न राखता समजावून सांगायची, अगदी अनोळखी माणसालाही. हळूहळू तिथे सगळेच लुकडं जहाज राखून ठेवायला लागले. छोटीचं वर लागलेलं नाव खाली खाली गेलं आणि एक दिवस यादीतून गळालं. वहिनीला वाटलं होतं, ते बघून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती पुढे दुसऱ्या मशीनवर गाडी चालवायचा खेळ खेळायला लागली, पण तो तिला धड जमत नसे.

छोटी लग्न होऊन गेली. फोनवर दोघी बोलतात, तब्येतीचं, हवापाण्याचं. कामावरून आल्यावर नवरा कधी विचारतो, "काय गं, काय विशेष आज?" वहिनी म्हणते, "काही नाही," आणि गॅस पेटवते.