पहिली वाटी रहाटाला

खालचा नट खोलायच्या आधी वरचा खोल. हे आमच्या उस्तादानं मला शिकवलं ते पाठीत पान्हा घालून. ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा लोंबतो ना, तो डिफ्रन्शल. त्याला दोन नट. खालच्यानं जुनं ऑईल सांडायचं, वरच्यातून नवं भरायचं. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी रिकाम्या पोटी उभी. "सांडायला अक्कल लागत न्हाई," उस्ताद म्हणायचा, "भरायला लागती." पुढं आयुष्यात कैक गाड्यांची ऑईलं बदलली, पण हा नेम मी एकदाही चुकवला नाही. त्या रविवारीही चुकवला नव्हता. तरी जे व्हायचं ते झालंच.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आधी एका कागदापायी उस्मानाबादेला खेटे घालावे लागायचे, आता साहेब लातुरातच बसणार म्हणून आमच्याकडच्या लोकांनी पेढे वाटले. पुढं पावसानं अशी पाठ फिरवली की पेढे खाल्लेल्या तोंडानंच लोक म्हणायला लागले, जिल्हा जवळ आला आन् पाणी लांब गेलं. चाकूरकडचं आमचं गाव. वैशाखात गावातले सगळे आड आटले. आमच्या आळीच्या आडाला तेवढं घोटाभर पाणी उरलं होतं, आणि त्यावर आमचं सोडून बारा घरं होती.

माझ्याकडं जुना ट्रक होता. भाड्याला माल नव्हता, कारण शेतात काही पिकलंच नव्हतं. तेवढ्यात लातुराहून निरोप आला की सोमवारी सकाळी ट्रक दाखवायला आणा, धड असेल त्याच्यावर लोखंडी टाकी बसवून टँकरचं काम देऊ. माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. गाडीचं इंजिन ऑईल काळंठिक्कर पडलं होतं, आणि डिफ्रन्शलचं बदलून किती महिने झाले देव जाणे. लातुरात गॅरेजांपुढं सगळ्याच ट्रकवाल्यांची जत्रा लागलेली. म्हटलं, कशाला कुणाच्या मिनतवाऱ्या, घरीच करू.

रविवारी सकाळी गाडी फाट्यापर्यंत फिरवून आणली. ऑईल गरम झालं की पातळ होतं, तळातला गाळ घेऊन उतरतं. अंगणातल्या लिंबाखाली गाडी लावली, पोतं टाकून खाली शिरलो. इंजिनचं काळं ऑईल पत्र्याच्या डब्यात घेतलं, नवं भरलं, काडी ओढून माप बघितलं. मग मागं गेलो. वरचा नट आधी खोलला. तोही मुकाट निघाला. मग खालचा. डिफ्रन्शलचं ऑईल काकवीसारखं जाड, आणि वास असा की बायको दारातूनच म्हणाली, "अवो, काय मेलंय का गाडीत?"

"तुझं माहेर," मी म्हणालो. अजून हसायचे दिवस होते ते, सकाळी दहापर्यंत.

आमच्या आळीत एक रीत होती. मी ऑईल बदलायला घेतलं की लोक वाट्या, करवंट्या घेऊन यायचे. जळकं ऑईल बैलगाडीच्या आखाला, दाराच्या बिजागरीला, वाळवी लागलेल्या तुळईला. पण पहिली वाटी आडाच्या रहाटाला. तो मान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून दिला होता. सगळ्यांच्या घरात पाणी त्याच्यामुळं येतं, म्हणून आधी त्याला. त्या दिवशी मात्र कुणीच वाटी घेऊन आलं नाही. बैल विकले होते किंवा पाव्हण्यांकडं धाडले होते, गाड्या दारात उभ्या टाकून होत्या. डबा तसाच काठोकाठ भरलेला राहिला.

रहाट तेवढा फिरत होता. पाणी खोल गेलेलं, दोर सोडता सोडता हात भरून यायचे, आणि रहाट अस्सा किंचाळायचा की डोकं उठावं. आडावरून काकूनं हाक मारली. शेजारची ही म्हातारी, सगळी आळी तिला काकूच म्हणायची. "आरं ए डायवर, गाडीला तेल पाजून राहिलास, आन् आमच्या रहाटाचं कोण बघावं?"

मला राग आला. मी तसा तापटच. डिफ्रन्शल ठिपकायचं थांबत आलं होतं. खालचा नट बसवला, वरचा उघडाच ठेवला आणि उठलो. रागाच्या भरात वाटी काही शोधली नाही. अख्खा डबाच उचलून नेला, आडाच्या कठड्यावर ठेवला, आणि बोळा बुडवून रहाटाच्या कण्याला लावायला वर चढलो. हात तेलकट, तळपाय तेलकट. एक पाय निसटला. मी खांब धरला म्हणून वाचलो. डब्याला धरायला काही नव्हतं.

आवाज आला तो पत्र्याचा, दगडावर आपटल्याचा. पाण्याचा आवाज आलाच नाही, एवढं कमी होतं ते.

काकू कठड्याला वाकून बघत राहिली. मग नुसतं म्हणाली, "माय वो." तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कुणीतरी म्हणालं, तेल वर तरंगतं, वरचं काढून घेतलं की झालं. मला ते पटलं. दोराला धरून खाली उतरलो, ती दुसरी चूक. माझ्या पायांनी तळाचा गाळ ढवळला आणि ऑईल त्यात मिसळून सगळं एक झालं. वरून जुनेरं, गोधड्या टाकल्या लोकांनी. मी पिळत होतो, बादलीत भरून वर देत होतो, आणि ज्या कापडानं टिपायचो त्याच्यातूनच पुन्हा ठिपकायचं. उन्हं कलली तेव्हा वर आलो. बारा घरांचं पाणी मी डांबर करून ठेवलं होतं.

आता आप्पांचं सांगतो. आम्ही लिंगायत. आप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्यावर पळीभर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान ठेवायचं आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याच्याआधी तोंडात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दुष्काळात त्यांनी अंघोळ सोडली होती, पूजा नाही. तेवढी एकच पळी त्यांना लागायची.

सोमवारी पहाटे ते पूजेला बसलेच नाहीत. घरात माठाच्या बुडाला पाणी होतं. बायकोनं तांब्या पुढं ठेवला. आप्पांनी तो उचलून तिच्याच हातात दिला. "काकूच्या घरी ने. आडाचं पाणी आपल्या घरानं नासवलं. बारा घरच्या घागरी भरू दे, मग माझी पूजा."

"आप्पा, तवर उपाशी राहता का?" मी म्हणालो.

"घागरी भरायला कितीक येळ लागतो?" ते म्हणाले. "ट्रक हाय की तुझ्याकडं."

काकू स्वतः तांब्या घेऊन उलट आली. "आप्पा, आमचा राग न्हाई. घ्या पाणी, पूजा मांडा."

"राग न्हाई म्हणून घागर भरत न्हाई, काकू," आप्पा म्हणाले, आणि तिलाही तांब्यासकट परत पाठवलं. असला हट्टी माणूस! मला त्यांचा इतका संताप आला, आणि त्याहून माझा स्वतःचा.

त्याच दिवशी लातुरात गाडी दाखवायची होती. गेली खड्ड्यात म्हटलं. नांदेडला गोदावरीच्या डोहात पाणी होतं. चाकुरातून पाच रिकामे बॅरल मागून घेतले, राखेनं घासले, ट्रकवर चढवले. निघायच्या घाईत मागं वाकलो तर डिफ्रन्शलचा वरचा नट उघडा दिसला. भोकाभोवती ऑईल ओलं होतं. माझा हात आपोआप पान्ह्याकडं गेला. इतकी वर्षं हाताला एकच ठाऊक होतं, की भोकातून ऑईल बाहेर ठिपकायला लागलं म्हणजे पोट भरलं, मग वरचा नट आवळायचा. आवळला आणि निघालो.

नांदेडच्या घाटावर बॅरल भरायला दिवस गेला. पाण्यापायी तिथंही लोकांची झुंबड, त्यात बाहेरगावच्या ट्रकला कोण विचारतो? हातापाया पडून भरले. कॅबिनला टांगलेली कापडी छागलही भरून घेतली. रात्र तिथंच काढली आणि मंगळवारी उजाडताच परत फिरलो. लोहा मागं टाकलं तसा मागून बारीक सूर लागला. सुरुवातीला वाटलं रस्ता खराब आहे. अहमदपूर येईपर्यंत त्या सुराचा हंबरडा झाला. मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण थांबायची हिंमत झाली नाही. आप्पांना तोंडात काही न घेता दुसरा दिवस लागला होता. म्हटलं, चल बाई, चार कोस राहिले, तेवढं ने.

नाही नेलं. मागं काडकन् आवाज झाला आणि चाकं जागच्या जागी जाम झाली. खाली शिरलो. लोखंडी गोळा तव्यासारखा तापलेला, हात लावता येईना. मग कॅबिनमध्ये जाऊन सीटखाली बघितलं. डिफ्रन्शलच्या नव्या ऑईलचा डबा तिथं होता. सील तसंच.

मी रस्त्यात बसून रडलो. कुणाला लाज वाटायची तर वाटू दे. वरचा नट आधी खोलला होता मी, उस्तादाचा शब्द पाळला होता. भरायचंच राहिलं होतं.

त्या भर उन्हात जाणारं येणारं कुणी दिसेना. बॅरल उचलून नेणं एकट्या माणसाचं काम नव्हे. म्हटलं गावात जाऊन बैलगाडी आणू, मग आठवलं, बैल कुणाकडं उरलेत? शेवटी छागल खांद्याला मारली आणि चालत सुटलो. मागं वळून बघितलं तर जवळच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन ट्रककडं येताना दिसल्या. मी ओरडलो नाही. कोणत्या तोंडानं ओरडू?

घरी पोचलो तेव्हा आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ फाटलेले. मी छागल पुढं धरली. "आप्पा, गोदावरीचं पाणी हाय. मांडा पूजा."

त्यांनी छागलीला हात लावून बघितला. थंड होती ती. "गाडी कुठाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सील न फोडलेल्या डब्यासकट.

"बारा घरांना पुरंल का रे हे?" त्यांनी विचारलं.

मी छागल त्यांच्यापुढं ठेवली.

"मग वाटून दे जेवढं हाय तेवढं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

बायको रडत रडत छागल घेऊन दारोदार फिरली. काकूनं आपल्या वाट्याचं फुलपात्र भरून घेतलं आणि तसंच ते आप्पांकडं घेऊन आली, दुसऱ्यांदा. आप्पांनी हात जोडले आणि मान हलवली.

बुधवारी ते बोलायचे थांबले. एका जीपवाल्याच्या पाया पडलो, लातूरला दवाखान्यात नेलं. तिथं त्यांच्या हातात सुई घातली आणि वर बाटली टांगली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब त्यांच्या अंगात जात होतं, तोंड तसंच कोरडं. मी बाटलीकडं बघत बसलो. वाटलं, बघा आप्पा, शेवटी पूजेशिवाय पाणी घेतलंतच की. हे मी मनातल्या मनात त्यांना चिडवलं होतं, शुद्धीवर आले की तोंडावर म्हणणार होतो. ते शुद्धीवर आले नाहीत. गुरुवारी सकाळी गेले.

त्यांना घरी आणलं. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. त्याआधी अंघोळ घालावी लागते. मी अंगणात जळक्या ऑईलच्या डागाशेजारी उभा होतो आणि विचार करून राहिलो होतो, आता पाणी कुठून आणू? तेवढ्यात काकू आली, पदराखाली तांब्या झाकून. तिच्यामागून बाकीच्या घरच्या बाया आल्या. प्रत्येकीच्या हातात तांब्या. कुणी दोन कोसांवरून आणलेलं होतं, कुणी लेकरांसाठी माठाच्या तळाशी राखलेलं. ओळीनं त्यांनी बारा तांबे ठेवले.

माझं डोकंच फिरलं. "आता आणता व्हय?" मी ओरडलो. "आता?"

काकू शांतच होती. "दोनदा आणलं होतं की बाबा," ती म्हणाली. "त्यांनी घेतलं न्हाई."

ते खरंच होतं. मग तिनं पहिला तांब्या उचलला आणि आप्पांच्या डोक्यावर ओतला. आज त्यांना तो परत पाठवता येत नव्हता.