ड्रॉवरमधली मतं

फोन दुरुस्त करणाऱ्याचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. गाळ्यांची रांग ठेवायची की पाडून तिथे गाड्या लावायच्या, यावर नगरपालिकेने वॉर्डातल्या लोकांची मतं मागवली होती, आणि तीही फोनवर. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. गाळा गेला तर हा माणूस जाणार कुठे? बापाने घड्याळं दुरुस्त केली ती इथेच, याने फोन उघडले तेही इथेच. दुसरं काही येत असेल तर शपथ! बायकोला 'होईल गं सगळं ठीक' म्हणून आला होता, आणि इथे बसून एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पाडत होता.

शेजारच्या गाळ्यातली शिंपीणमावशी मशीन थांबवून आली.

"अरे, असा काय तोंड पाडून बसलास? तुझ्या ड्रॉवरमध्ये मतं पडलीयत की! दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फोनच्या पाठीवर तो उघडायचा कोड चिकटवलेला. दाब आणि मोकळा हो."

"मावशी, काहीतरीच काय!"

"उद्या बुलडोझर आला की त्याला सांग, काहीतरीच काय म्हणून."

मावशी गेली, पण डोक्यात किडा सोडून गेली. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या फोनला नुकतीच नवी काच बसली होती. बाई आपल्याच बाजूच्या, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि दाबलं. 'गाळे राहावेत.' धन्यवाद, आपले मत नोंदवले आहे. झालं!

आणि बघा, नेमक्या त्याच वेळी बाई दारात!

"झाला का हो फोन? मत द्यायचं राहिलंय माझं. धावतपळत आले."

त्याने फोन पुढे केला. बाईंनी बोट फिरवून मताचं पान उघडलं आणि त्या थांबल्या.

"हे कोणी दिलं?"

"बाई... चुकलं माझं."

"अहो, मी हेच द्यायला आले होते. आता द्यावंसं वाटत नाही."

मुदत संपेपर्यंत मत बदलता येत होतं. बाईंनी पाठ फिरवून काहीतरी दाबलं आणि निघून गेल्या. काय दाबलं ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

मावशीने मान आत घातली. "काय रे, आपलं की त्यांचं?"

"ठाऊक नाही."

"मग उरलेले तरी दाब! वेळ कुठाय?"

त्याने ड्रॉवर ओढला, चालू होणारे सगळे फोन पिशवीत भरले आणि शटर खाली घेतलं.

"आता कुठे निघालास?"

"ज्याचे त्याला द्यायला. सहाच्या आत."

"वेड लागलंय का तुला? त्यातले निम्मे गाडीवाले असतील!"

"असू देत ना!" तो ओरडलाच.

तो समोरच्या इमारतीत शिरला. पहिलंच दार पार्किंगसाठी मतं मागत घरोघर फिरलेल्या दातांच्या डॉक्टरचं होतं. त्याने बेल दाबली, आणि दार उघडेपर्यंत डॉक्टरचा फोन शर्टाला पुसत उभा राहिला.