निर्ण्याच्या मठातली जहाजाची घंटा

आता निर्ण्यासारख्या आडगावाला समुद्र कुठला! पण मठाच्या दारात टांगलेली पितळी घंटा मात्र जहाजाची. तिच्यावर इंग्रजीत 'एलिझा' कोरलंय. निजामाच्या काळात शेजारच्या चिटगुप्पा गावच्या एका अडत्यानं ती मुंबईहून आणून मठाला वाहिली, यापलीकडं कुणाला काही ठाऊक नाही.

गुंडप्पा मास्तरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण घंटेकडं कधी मान वर करून बघितलं नाही. तिची काळजी त्यांच्या बायकोला, सिद्धव्वाला. लग्न होऊन आल्यापासून दर सोमवारी ती चिंच न् विटकरीचा चुरा घेऊन घंटा घासायची. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "अवो, त्या जहाजातली माणसं घरी पोचली असतील का?" मास्तर पेपर वाचत होते. "मला काय ठाऊक," म्हणाले. पंधरा दिवसांत ती गेली.

तो प्रश्न मास्तरांना खायला उठला. लेक नेत्रावती पुण्यात, इकडं घर रिकामं. मोबाईल शिकून त्यांनी मुंबईला, लंडनला विचारणा केली. गाव म्हणालं, मास्तरचं डोकं फिरलं. फिरू दे की! एकट्यानं डोकं ठिकाणावर ठेवून तरी काय करायचं?

दोन वर्षांनी लंडनच्या एका संग्रहालयातून उत्तर आलं. एलिझा नावाची जहाजं दोन. सतराशे ब्याऐंशीत बांधलेलं कोकणात खडकावर फुटलं, एकही माणूस वाचलं नाही. सतराशे शहाण्णवचं म्हातारं होईस्तोवर फिरलं आणि मुंबईत मोडीत निघालं. नावाखाली साल कोरलेलं असेल, तेवढं बघा.

मास्तर अनवाणीच मठात धावले, स्टुलावर चढले. नावाखाली एक न् सात हे आकडे होते. पुढं नुसतं गुळगुळीत पितळ.

मठाचे मृत्युंजय स्वामी खालून म्हणाले, "दाराकडची बाजू हाय न्हवं ती. अक्का तीच जास्त घासायच्या. आल्यागेल्याला चकचकीत दिसाया पायजे म्हणायच्या."

मास्तरांचं टाळकंच सरकलं. तरातरा घरी आले, सिद्धव्वाच्या फोटोपुढं उभे राहून ओरडले, "कामून गं एवढी घासलीस? कुणी सांगितलं होतं?" चाळीस वर्षं हे असं ओरडलं की आतून भांडं आपटायचं. आज काहीच आपटलं नाही. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं हो!

मास्तर फोटोपुढंच खाली बसले.

"पोचली गं," म्हणाले, "सगळी सुखरूप पोचली."

"खरंच व्हय?" असं विचारायला घरात कुणी नव्हतं.