ती अजून तयार नाही

सिंगापुरात जुरोंग ईस्टला मी ज्या मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहतो, त्यांच्याकडे फिलिपिन्सची एक बाई कामाला आहे. मुलं तिला आंटी म्हणतात, म्हणून मीही. गेल्या सत्रात माझा निबंध नेमका तिच्या देशावर होता: अमेरिकेने फिलिपिन्स कसा घेतला आणि तिथल्या लोकांनी कसा विरोध केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे निबंध म्हटलं की मला घाम फुटतो. आंटी घरातच आहे म्हटल्यावर वाटलं, देव पावला.

वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिलाच समजावू लागलो. अमेरिकन आले ते स्पेनविरुद्ध मदत करतो म्हणून, आणि मग राहिलेच. तुम्ही राज्य करायला अजून तयार नाही, तयार झालात की देऊ, असं म्हणायचे. तयार झालात की नाही, हे मात्र तेच ठरवणार.

आंटी कणीक मळत होती. "हे मला तू सांगतोयस?" ती हसून इंग्रजीत म्हणाली.

मी ओशाळलो. "मग लोक काय करायचे?"

"समोर अमिगो, अमिगो म्हणायचे, म्हणजे मित्रा, मित्रा. पाठ वळली की बंदुका काढायचे."

मी ते लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात तिने घरमालकीणबाईंकडे, म्हणजे वहिनींकडे, रविवारची सुट्टी मागितली. तिची धाकटी बहीणही सिंगापुरातच कामाला होती आणि सोमवारी कायमची गावी परतणार होती. दोघींना एकदा बोटीने पुलाउ उबीन बेटावर जायचं होतं, भाड्याच्या सायकली घेऊन दिवसभर हिंडायचं होतं. इतक्या वर्षांत ते जमलं नव्हतं.

वहिनी वाईट नाहीत, हे सांगायलाच हवं. मी आजारी असताना त्यांनी मला मऊ खिचडी करून घातली आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की ती एकटी बाहेर जायला अजून तयार नाही.

"चाळीस वर्षांची आहे ती," वहिनींचे यजमान दादा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

"वयाचा काय संबंध? साधी आहे हो. घरचीच मानतो आपण तिला, म्हणून काळजी."

मग अट आली: पोळ्या गोल यायला लागल्या की बघू. बुधवारी आंटीने वाटीने कापल्यासारख्या गोल पोळ्या केल्या. तेव्हा वहिनींना आठवलं, की तिला उकडीचे मोदक कुठे येतात? गुरुवारी आंटीने एकवीस मोदक केले, प्रत्येकाला अकरा कळ्या. मी मोजल्या. शुक्रवारी कळलं, की रविवारी पंधरा माणसं जेवायला आहेत.

"तू समजाव तिला," वहिनी मला म्हणाल्या. "शिकलेला आहेस."

मला कोणी शिकलेला म्हटलं की मी काहीही करतो. गेलो आणि अडखळत म्हणालो, "मॅमना वाटतं, पुढचा एखादा रविवार..."

"तुला काय वाटतं?"

"दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात." हे वाक्य मी निबंधात तीनदा वापरलं होतं.

"बहीण सोमवारी जातेय. दुसरी बाजू कुठली?"

आई शिवणकामाला बसायची तेव्हा घरच्या पोळ्या माझ्याकडे असायच्या, ते आठवलं. "मला पोळ्या येतात," मी म्हणालो.

"गोल?"

"साधारण."

रविवारी सकाळी आठ वाजता आंटी कॅनव्हासचे बूट हातात घेऊन हॉलमध्ये आली. "गुड मॉर्निंग, मॅम. भाजी, आमटी, कोशिंबीर तयार आहे. पोळ्या हा करेल. मी सहाला येते. थँक यू, मॅम."

तिने हे इतक्या नम्रपणे सांगितलं की वहिनी सवयीने "वेलकम" म्हणून गेल्या. दार लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"तुझ्या त्या निबंधामुळे झालंय हे सगळं," त्या मला म्हणाल्या आणि कणकेचा डबा पुढे सरकवला.

मी साठ पोळ्या लाटल्या. बाहेर दादांच्या ऑफिसातले एक गृहस्थ सांगत होते, की अमेरिकन फिलिपिन्सला गेलेच नसते तर या फिलिपिनोंना इंग्रजी आलं असतं का? आणि इंग्रजी नसतं तर इथे नोकऱ्या मिळाल्या असत्या का? सगळ्यांना पटलं. मलाही दुसरी बाजू म्हणून ते टिपून घ्यावंसं वाटलं, पण हात पिठाचे होते.

सहाला आंटी आली. नाक उन्हाने लाल झालं होतं, गुडघ्यांना माती होती. पाहुणे अजून चहावर होते.

"अरे, मेड आज सुट्टीवर होती?" एका तमिळ बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मीच पाठवलं," वहिनीही इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांनाही आयुष्य असतं ना. स्वतःच्या पायावर उभं राहायला मीच शिकवलंय तिला."

पाहुणे भारावले. कोणी तरी म्हणालं, असे मालक मिळायला नशीब लागतं.

आंटी दाराशी बूट काढत होती. तिने मान वर केली. "येस, मॅम. थँक यू, मॅम. पुढच्या रविवारी पण ना, मॅम?"

पंधरा माणसं वहिनींकडे बघत होती.

"ऑफ कोर्स," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.