गोरखनं निवडलेली तालीम

खर्ड्याकडचा गोरक्षनाथ, म्हणजे गोरख, अंगानं उंच होता, पण तुरीच्या काडीसारखा वाळका. सदरा त्याच्या अंगात आहे की दांडीवर वाळत घातलाय, असं वाटायचं. नगरला सैन्यभरती लागली तेव्हा तो रांगेत उभा राहिला. उंचीत बसला, छातीत अडकला. फीत धरणाऱ्या हवालदारानं त्याला दम भरायला लावला, फीत पुन्हा ओढून बघितली आणि मागच्याला म्हणाला, "ह्याच्यात हवा शिरायलासुद्धा जागा नाही." सगळी रांग हसली. मग हवालदाराला काय वाटलं कुणास ठाऊक, हलक्या आवाजात म्हणाला, "दिवाळीनंतर पुन्हा भरती आहे. छाती करून ये. त्याच्या पुढं तुझं वय उलटून जाईल."

बांगलादेशची लढाई नुकतीच झालेली. रजेवर आलेला जवान एसटीतून उतरला की गाव गोळा व्हायचं. पण गोरखला मिरवायचं नव्हतं. त्याची आई बनुबाई थोरल्या मुलाच्या दारात पडून होती. सून तिच्या ताटात भाकरी टाकायची ती लांबूनच, जनावरापुढं टाकावी तशी. गोरख आईला म्हणाला होता, "पगार चालू झाला की पहिलं तुला हितनं काढतो." म्हातारीला तेवढंसुद्धा पोटात ठेवता आलं नाही. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं सुनेला. तेव्हापासून जेवायला बसलं की सून विचारायची, "काय हो आत्याबाई, आला का तुमचा सुभेदार?"

गोरख गावी परत गेलाच नाही. केडगावात एका लाकडाच्या वखारीत त्यानं काम धरलं, तिथंच झोपायची सोय केली आणि छाती कुठं तयार होईल याचा शोध सुरू केला. चौकशी केल्यावर दोन ठिकाणं कळली.

पहिलं होतं मिशनच्या आवारात. शाळेतले कवायतीचे मास्तर आमोस यांनी पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळा काढली होती. शाळा कसली, दोन लोखंडी बार, एक लोंबता दोर आणि पुढं मोकळं मैदान. आमोस मास्तर बुटके होते, तोंडाचे फटकळ. त्यांनी गोरखला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"कशासाठी कमवायचंय अंग?" एवढंच विचारलं.

"भरतीला जायचंय, मास्तर. छाती कमी पडली."

"मग पळ. त्या कडुलिंबाला वळसा घालून ये. मी थांब म्हणेपर्यंत."

मास्तर थांब म्हणायच्या आधीच गोरख बांधावर ओणवा होऊन ओकला. शेडमधली पोरं खिदळली. मास्तर शांतपणे म्हणाले, "ओकून झालं की उरलेलं पळ. मांस नको तुला, दम हवाय. दम वाढला की छाती आपोआप फुगते. मी सांगेन तेच करायचं, दुसरं काही नाही."

गोरखनं तोंड पुसलं आणि उरलेलं न पळताच निघाला. पोरांसमोर ओकल्याची लाज त्याला जास्त लागली. वखारीतले गडीही म्हणाले, "किरिस्तावाच्या अंगनात पळून कुनी पैलवान झालाय व्हय?" आपल्याला पैलवान व्हायचं नाही, हे गोरखच्या त्या वेळी ध्यानातच आलं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे शहरातली काकासाहेब वस्तादांची तालीम. दारातच मारुतीला तेल वाहिलेलं, आत हौद्यात ताक, हळद आणि तेल घालून मुरवलेली तांबडी माती. त्या वासानंच गोरखचा ऊर भरून आला. वस्ताद पाटावर बसले होते. त्यांनी गोरखला सदरा काढायला लावला आणि बाजारात बैल बघावा तसं खांद्यापासून पिंढरीपर्यंत चाचपलं.

"कुनाचा रं तू?"

"खर्ड्याकडचा."

"हाड लई मोटं हाय. मांस आपन चढवू. उद्यापास्नं ये."

कशासाठी आलास, हे त्यांनी विचारलं नाही. गोरखला त्याचंच बरं वाटलं. आपल्या हाडाला कुणीतरी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी नारळ फोडला, वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मिशनच्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

तालमीचा सगळा डोलारा छगनवर उभा होता. छगन हा वस्तादांचा लाडका पठ्ठा, जत्रेजत्रेत नारळापासून फेट्यापर्यंत सगळं जिंकून आणणारा. त्याला रोज अंगावर घ्यायला कुणीतरी लागायचं. आधीचा गडी मांडी दुखावून घरी बसला होता. ती जागा गोरखला मिळाली. सकाळी हौदा उकरायचा, छगनला तेल चोळायचं, मग त्याच्या खाली पडायचं. छगन नवा डाव शिकला की तो गोरखवर शिकायचा, आणि जुना डाव चुकला की त्याचा रागही गोरखवर काढायचा. त्या साली पावसानं दगा दिला, दूध सोन्याच्या भावाला गेलं. छगनसाठी बदाम वाटायचं कामसुद्धा गोरखकडंच होतं. वाटून झाल्यावर पाट्यावरचं पाणी त्यानं प्यावं, अशी वस्तादांची परवानगी होती.

तरी अंग भरलं. जोर-बैठका आणि वखारीतले ओंडके यांनी त्याची पाठ पसरली, मान जाड झाली. सदरा तटतटायला लागला. गोरख रात्रंदिवस मनात छातीचीच फीत ओढत होता.

एक उणीव मात्र राहिली होती. त्याचे कान अजून साबूत होते. तालमीत कान मोडलेला नसेल तो पैलवानच नाही. मातीत घासून, हातांखाली चुरगळून कानाची पाळी सुजावी, आत रक्त गोठावं आणि तिची घट्ट गाठ व्हावी, म्हणजे लोकांना लांबूनच कळतं. गोरखचे कान बघून सगळे त्याला "नवरी" म्हणायचे.

"नवरीचं कान टोचायचं राह्यलंय," छगन एका सकाळी म्हणाला.

"टोच की मग," वस्ताद पाटावरून म्हणाले. "मुहूर्त बघतो का काय?"

छगननं गोरखला खाली घेतलं, मानेवर गुडघा दिला आणि कोपरानं डावा कान जात्यातल्या दाण्यासारखा रगडला. गोरख ओरडला तसा छगननं पंजाची वाटी करून त्याच कानावर सणसणीत ठेवून दिली. गोरखच्या डोक्यात काहीतरी फाट्‌कन वाजलं. मग सगळी तालीम लांब गेल्यासारखी झाली. माणसं तोंडं हलवत होती, हसत होती, आणि आवाज एकाच बाजूनं येत होता.

कान टम्म सुजला, वरून काळानिळा झाला. आतून पाणी यायला लागलं, मग पू. पण गोरखला त्या कानाचा इतका अभिमान वाटला की तो टोपी तिरकी घालायला लागला. वस्तादांनी लसणाचं तेल सोडायला सांगितलं. "आत घुमतंय," असं गोरख म्हणाला तेव्हा ते म्हणाले, "घुमू दे की. पैलवानाला डोकं ऱ्हातं कुटं बिघडायला?"

पुणे रस्त्यावर एकदा आमोस मास्तर सायकलवरून मागून आले. त्यांनी दोन हाका मारल्या. गोरख वळला नाही. मास्तर उतरले, समोर येऊन उभे राहिले आणि कानाकडं बघत म्हणाले, "कधीपासून वाहतोय? दवाखान्यात दाखव आजच्या आज. भरतीत कान बघतात."

गोरखला वाटलं, ह्याच्या पोटात दुखतंय. "मास्तर, तुमची पोरं पळत्यात," तो म्हणाला, "आमी पाडतो."

मास्तर सायकलवर बसले आणि निघून गेले.

दिवाळीनंतर भरती लागली. तोच हवालदार होता. त्यानं फीत लावली, गोरखनं दम भरला आणि फीत करकचली. "अरे वा, आता कोठार भरलं की!" हवालदार म्हणाला, आणि गोरखला तिथंच रडू येईल असं वाटलं. पळण्यात तो शेवटून दुसरा आला, पण आला. त्याच्या पुढं आमोस मास्तरांची काडीसारखी पोरं धापा न टाकता उभी होती. शेवटी डॉक्टरसाहेबांचा तंबू. त्यांनी कानात बॅटरी मारली, नाक मुरडलं आणि हात पुसत कारकुनाला म्हणाले, "पडदा फाटलाय. अनफिट."

"साहेब, ते पैलवानकीचं हाय," गोरख काकुळतीला आला. "तालमीत मोडत्यात असं. खूण असती ती."

"मला पैलवान घ्यायचा असता तर मी जत्रेला गेलो असतो," डॉक्टर म्हणाले. "पुढचा."

गोरख थेट तालमीत गेला. वस्तादांनी ऐकून घेतलं. "चला, येक बरं झालं," ते म्हणाले. "तू गेला असतास तर जत्रंच्या तोंडावर छगनला गडी कुटनं आनला असता?"

"वस्ताद, माजी भरती गेली. आई तिकडं वाट बघती."

"मी तुला भरतीचं कदी बोललो व्हतो? तू अंग मागितलंस, मी अंग दिलं."

ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोरख पुन्हा लंगोट बांधून हौद्यात उतरला. दुसरं काय करावं, हे त्याला सुचत नव्हतं. सुनेसमोर आई काय सांगेल, हे मनातून जात नव्हतं. छगन जत्रेच्या कुस्तीसाठी नवा डाव घोटत होता. गोरखनं त्याचा हात पाठीमागं धरायचा आणि वस्ताद "सोड" म्हणाले की सोडायचा. वस्ताद गोरखच्या डाव्या अंगाला बसले होते, आणि त्याचा उजवा कान छगनच्या पाठीला दाबलेला. "सोड!" ते म्हणाले. गोरखनं धरूनच ठेवला. "सोड, सोड!" छगन वळला, हात मात्र तिथंच राहिला. खांद्यातून कट्‌ आवाज झाला आणि छगन किंचाळत मातीत लोळला. तो आवाज तेवढा गोरखला ऐकू आला.

वस्तादांनी दारातली चप्पल उचलून त्याच्या तोंडावर मारली. "भायेर हो! भैऱ्याला मातीत घिऊन काय माजं वाटोळं करू?"

"वस्ताद, ह्यो कान हितंच गेला," गोरख म्हणाला. "आता मी कुटं जाऊ?"

छगन भिंतीला टेकून खांदा धरून बसला होता, गोरखच्या डाव्या बाजूला. कण्हता कण्हता तो म्हणाला, "वखारीतच ऱ्हा की कायमचा. वंडक्यांनाबी कान नसत्यात."

सगळी तालीम खदखदून हसली. वस्तादही हसले. कोण काय बोललं हे गोरखला कळलं नाही. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसला.