कानानं समजायचं

नव्वदच्या दशकात हौशी रेडिओच्या, म्हणजे घरच्या सेटवरून जगभर संपर्क साधण्याच्या, परवान्यासाठी मी तिसऱ्यांदा परीक्षेला निघालो होतो. घनसावंगीहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत ए-वन-ए, एफ-वन-बी असे प्रसारणाचे प्रकार घोकत होतो. आधी दोनदा याच प्रश्नाने घात केला होता.

शेजारी साठीच्या एक मावशी होत्या. चष्मा सावरत त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं.

"पाठ करून राह्यला का, बाबा? मंग इसरशील. हे ऐकायचं असतं."

त्यांनी समोरच्या दांड्यावर बोटाने टकटक केली. "हे मोर्स. लाट चालू, लाट बंद. ए-वन-ए." मग तोंडाने दोन सूर भराभर आलटून-पालटून काढले. पुढची माणसं वळून बघू लागली, तरी त्या थांबल्या नाहीत. "हा टेलिप्रिंटर. लाट बंद होत न्हाई, नुसती खालीवर सरकती. एफ-वन-बी. शेवटचा ए म्हंजे कानानं समजायचं, बी म्हंजे मशीननं."

"तुमच्याकडे आहे ते मशीन?"

त्या ताठ बसल्या. "बिलकुल न्हाई. जिंदगीभर पोस्टात तारा घेतल्या म्या. आता घरावर एरियलची तार ताणली, सेट सोता जोडला. जपानवाला बराबर उत्तर देतो. मी कानावाली हाये!"

अंबड आलं आणि त्या उतरून गेल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

त्या खेपेला मी पास झालो. आज रेडिओवर परदेशातला कुणी विचारतो, आवाजावरून प्रकार ओळखायला कुठे शिकलात? मी छाती फुगवून सांगतो, आमच्या जालना जिल्ह्यात, एका बाईंकडून.