शब्बीरभाईंनी न बसवलेला रेडिओ

शब्बीरभाई गाडीला हात लावण्याआधी चपला बाहेर काढत, अनवाणी ड्रायव्हरच्या सीटवर बसत, दारं लावून घेत आणि दोन मिनिटं डोळे मिटून गप्प राहत. बाहेर कुवेतचं ऊन, गिऱ्हाईक घामानं निथळतंय, आणि आत हे महाशय निवांत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता. मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या रागापायीच झालं.

माझ्या पिकअपच्या डाव्या दारातून खरखर यायची. दोन दुकानांनी स्पीकर बदलायला सांगितलं होतं. शब्बीरभाईंनी दोन मिनिटं ऐकलं, दाराचं पॅनल काढलं आणि आतून खजुराच्या तीन बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. "आदी ऐकायचा, मग बोलायचा," ते म्हणाले. "लोक आदी बोलतात आनि मग स्पीकर बदलतात." त्या कामाचे त्यांनी काहीच घेतले नाहीत. बिया मात्र माझ्याकडेच राहू दिल्या.

ते दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. अठ्ठावीस वर्षं कुवेतमध्ये, सगळी शुवैखच्या वर्कशॉपांमध्ये, आणि सगळी गाडीतल्या वायरिंगमध्ये. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. मी नाशिकचा, मीना अब्दुल्ला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, राहायला सलव्याला. मराठी ऐकायला मिळतं म्हणून मी शनिवारी उगाच ते नोकरीला होते त्या दुकानी जाऊ लागलो. ते मला काळा चहा पाजत आणि काम करता करता बोलत. कंपनीनं घातलेली वायर ते कधीही कापत नसत. तासभर जास्त गेला तरी चालेल, पण जोडणी मूळच्या प्लगमधूनच. "कापलेली वायर जोडता येते हो," ते म्हणत, "पन ती कापली होती, ह्या काय लपवता येत नाय." अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातच्या कामाची एकही लेखी तक्रार आली नव्हती. ही गोष्ट ते सांगत नसत, दुसरे सांगत. तेव्हा ते मान खाली घालून टेप गुंडाळत बसत, पण ऐकत असत.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो. माझी पिकअप अमेरिकेहून आलेली, सेकंडहँड. तिच्या मूळच्या स्टिरिओवर सॅटेलाइट रेडिओचं बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर 'सिग्नल नाही' असं येई. जन्मभर मीटर आणि व्हॉल्व्ह चालते ठेवणाऱ्या माणसाला असं मेलेलं बटण रोज समोर बघवत नाही. ज्याला बटण आहे ते चाललंच पाहिजे, हा माझा हट्ट. त्यातून सलवा ते मीना अब्दुल्ला रोजचा प्रवास, आणि क्रिकेटचं समालोचन ऐकण्याची हौस.

दुकानाचा मॅनेजर ठाण्याचा. गोड बोलणारा, पांढरा शर्ट, दर वाक्याला 'आपला माणूस'. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आपले. किट आलंय. ट्यूनर, छपरावरचा अँटेना, सगळं तुमच्या ओरिजिनल स्टिरिओलाच जोडून देतो." परदेशात 'आपला माणूस' हे शब्द कानावर पडले की आपण खिसा आणि डोकं दोन्ही उघडं टाकतो. मीही टाकलं. किट घेतलं आणि गाडी शब्बीरभाईंच्या पुढ्यात लावली.

त्यांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या, पण आत बसलेच नाहीत. किटचा खोका उघडून बघितला आणि परत बंद केला. म्हणाले, हे मी बसवणार नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की ह्या रेडिओचे उपग्रह अमेरिकेसाठी आहेत, त्यांचा आवाज इथवर पोचत नाही. पूर्वी आपल्या भागासाठीही तसला एक रेडिओ होता, त्याचे कितीतरी संच त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवले होते. एक दिवस ते सगळे मुके झाले. कंपनी कुठे होती कोण जाणे, लोक येऊन शब्बीरभाईंनाच विचारत राहिले. तेव्हापासून, जे वाजणार नाही ते बसवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"अहो, आभाळात ढगच नाय," ते म्हणाले, "तर पागोळीखाली हंडा ठेवून काय भरनार?"

इतकं सरळ सांगितल्यावर कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि सातवी शिकलेला वायरमन एका इंजिनियरला उपग्रह शिकवत होता. होय, मनात अगदी हेच आलं होतं, आणि आज ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते. मी म्हणालो, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. त्यांनी नुसत्या चपला घातल्या. मी तणतणत मॅनेजरकडे गेलो. तो हळहळला, मला थंड पाणी दिलं आणि म्हणाला, "दोन ओळी लिहून द्या ना साहेब, म्हणजे मला त्याच्याशी बोलता येईल." मी तिथल्या तिथे इंग्रजीत लिहून दिलं की मेकॅनिकनं काम करायला नकार दिला आणि गिऱ्हाइकाशी वाद घातला. खाली झोकात सही ठोकली, नावाखाली 'इंजिनियर'.

किट दुसऱ्या एकानं बसवलं, आणि रेडिओ वाजला! बटण दाबलं की गाणी, बातम्या, समालोचन. आठ दिवस मी सहकाऱ्यांना गाडीत बसवून ते बटण दाबून दाखवत होतो. एका मॉलच्या तळघरात, दोन मजले काँक्रीटखाली, रेडिओ खणखणीत वाजत होता, तेव्हाही मला शंका आली नाही. वर आभाळ नसताना उपग्रह ऐकू येतो कसा, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही, कारण मला तो पडायला नको होता.

मग आमच्या प्लांटच्या पार्किंगमध्ये एक दिवस मोबाइलचं नेटवर्क गेलं. वर स्वच्छ निळं आभाळ, आणि उपग्रहाचा रेडिओ मुका. मी गाडीतच बसून राहिलो. घरी येऊन डॅशबोर्ड खोलला. छपरावरच्या अँटेनाची वायर आत येऊन चार बोटांवर कापलेली होती, टोकाला टेप गुंडाळलेला. मागे सिमकार्ड घातलेला एक स्वस्त डबा होता, तो मोबाइलवरून गाणी ओढत होता. त्यासाठी माझ्या स्टिरिओच्या मूळ वायरी सपासप कापल्या होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ठाण्याच्या त्या पांढऱ्या शर्टाला चार शब्द सुनावायचे म्हणून तसाच निघालो.

मॅनेजर शांत होता. म्हणाला, साहेब, रेडिओ वाजतोय ना? मग आभाळातून आला काय आणि मोबाइलमधून आला काय. मी विचारलं, शब्बीरभाई कुठे आहेत? त्यानं टेबलाचा खण उघडून माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. लेखी तक्रार आल्यावर माणूस ठेवता येत नाही, त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करायला दिलाय, आठवड्याभरात गावी जातील, असं म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शब्बीरभाई ते किट कुणालाच बसवून देत नव्हते. गिऱ्हाईक आलं की तोंडावर खरं सांगत होते. त्यांना घालवायला ह्याला एक कागद हवा होता, आणि अठ्ठावीस वर्षांत कुणी न दिलेला तो कागद, शिकल्यासवरल्या, मराठी, 'आपला माणूस' म्हणवणाऱ्या मी, थंड पाण्याच्या एका ग्लासावर दिला होता.

मी आवाज चढवला. त्यानं तितक्याच शांतपणे तोडगा काढला. मी तक्रार मागे घ्यायची आणि सोबत लिहून द्यायचं की रेडिओ उत्तम चालतो, काही गैरसमज झाला होता. मग तो इकाम्याचं थांबवेल. त्या माणसाच्या निर्लज्जपणाला तोड नाही, आणि तरीही खरं सांगायचं तर मी ते लिहून द्यायला तयार झालो होतो. फक्त आधी शब्बीरभाईंना विचारावं म्हणून फरवानियाला त्यांच्या खोलीवर गेलो.

दुपारची वेळ होती. चौघांच्या खोलीत ते एकटेच होते, बॅग भरत होते. मी माफी मागितली. कापलेल्या वायरीचं ऐकून ते माझ्या चुकीपेक्षा त्या वायरीनंच जास्त हळहळले. कुठून कापली, किती आत, हे दोनदा विचारलं. मग मी तोडगा सांगितला.

"रेडिओ चांगला हाय असा लिवून मला परत आनू नका," ते म्हणाले. "तो डबा मला रोज बसवायला लागंल."

मी म्हणालो, मग लेबर ऑफिसात जाऊ, मी साक्ष देतो, ओरडून सांगतो सगळ्यांना. ते म्हणाले, जा, त्या डब्यासाठी जरूर जा, लोक फसतायत. पण माझ्यासाठी नको. पुढच्या वर्षी जायचंच होतं. फक्त असं जायचं नव्हतं. गावात आधीच पोचलंय की शब्बीरला तक्रारीवरून काढलं. बायकोनं फोनवर एकदाच विचारलं, काय झालं होतं, आणि त्यांना धड सांगता आलं नाही. उपग्रह फोनवर कसा समजवायचा?

मी म्हणालो, मी लिहून देतो. बॅगेतून त्यांनी एक वही काढली. मी मराठीत लिहिलं, मनापासून, पानभर. त्यांच्यासारखा प्रामाणिक, निष्ठावान, तत्त्वाचा माणूस मी पाहिला नाही वगैरे. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली आणि वही परत माझ्यापुढे सरकवली.

"ह्या सगळा काढा," ते म्हणाले. "प्रामानिक बिमानिक नको. असा कोनालापन लिवून देतात. रेडिओचा लिवा."

मी नवं पान घेतलं. लिहिलं की हा रेडिओ कुवेतमध्ये चालू शकत नाही, हे शब्बीरभाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार खोटी होती. त्यांनी पुन्हा वाचलं, मान हलवली आणि सहीची जागा दाखवली. मी सही करून पेन ठेवलं, तर ते थांबलेच होते.

"तक्रारीत नावाखाली इंजिनियर लिवलात ना," शब्बीरभाई म्हणाले, "हितंपन लिवा."